फिरत्या वाहनातील इंटरनेट : राउटरची निवड कशी करावी?

पेडणे तालुक्यातील तुये या गावाचे नाव अलीकडील काळात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी योजिलेल्या वसाहतीमुळे राज्यभर परिचित झाले आहे. तालुक्यातच मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला असून ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मोरजी, मांद्रे, हरमल व केरी या किनाऱ्यांवर येणाऱ्या पर्यटकांपैकी काहीजण आता निवासाची सोय असलेले वाहन, म्हणजेच कॅराव्हॅन, घेऊन येतात. शेजारच्या महाराष्ट्र राज्याने तर २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच स्वीकारले. पर्यटकांच्या वाहनाबरोबरच फिरते दंतचिकित्सालय, फिरते वाचनालय, फिरती बँक अशी लोकोपयोगी वाहनेही खेडोपाडी जाऊ लागली आहेत. या सर्व वाहनांची एक गरज समान आहे. वाहन जेथे उभे राहील तेथे त्यास भरवशाचे इंटरनेट मिळाले पाहिजे.

ही गरज केवळ सोयीची वा करमणुकीची नाही. वाहनात बसलेल्या रुग्णाची तपासणी दूरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून दृक्‌श्राव्य संभाषणाद्वारे करून घ्यावयाची असेल आणि ते संभाषण अर्ध्यावर तुटले, तर वाहन गावात येऊनही रुग्णाच्या पदरी काही पडत नाही. २०२० साली शाळा बंद असताना गोव्याच्या डोंगराळ भागातील मुलांना पाठ ऐकण्यासाठी टेकड्यांवर जाऊन बसावे लागले होते, हे शिक्षकवर्गाच्या स्मरणात असेलच. यासाठी योग्य राउटर कोणता, तो कसा निवडावा व कसा बसवावा, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्यात येत आहे.

राउटरचे कार्य

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी ग्रहण करणे आणि त्यांतून मिळणारे इंटरनेट वाहनातील सर्व उपकरणांना वाटून देणे, हे राउटरचे काम होय. पाटाचे पाणी शेतात आणून वाफ्यावाफ्यांत सोडावे, तसाच हा प्रकार आहे. हे काम साधा भ्रमणध्वनी संचही ‘हॉटस्पॉट’ चालू करून करू शकतो. एकटा प्रवासी असेल व दोन-चार दिवसांचीच गरज असेल, तर निराळा राउटर विकत घेण्याचे कारण नाही. परंतु उपकरणे अनेक असतील, वाहन दिवसचे दिवस एका जागी उभे राहणार असेल किंवा कामात खंड पडून चालणार नसेल, तर स्वतंत्र राउटर आवश्यक ठरतो. वाहनाचे शरीर पत्र्याचे असते आणि पत्रा लहरींना अडवितो. वाहनाच्या आत ठेवलेल्या भ्रमणध्वनीस क्षीण लहरी मिळतात, त्याच लहरी छपरावरील अँटेनाद्वारे राउटरला पुष्कळ अधिक जोमाने मिळू शकतात.

प्रथम जागेची पाहणी

पुष्कळदा खरेदीची सुरुवात दुकानातून होते. वास्तविक ती जागेच्या पाहणीतून व्हावयास हवी. विहिरीत पाणी नसेल तर पोहरा कितीही मोठा घेतला तरी तो रिकामाच वर येणार.

तुये परिसराची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. वर जांभ्या दगडाचा मोकळा सडा, उतारावर झाडीत वसलेली वस्ती आणि खाली शापोरा नदीच्या बाजूस सखल जमीन व माडांची दाटी, अशी या भागाची ठेवण आहे. सड्यावर दूरचा मनोराही थेट नजरेच्या टप्प्यात येतो. उताराच्या आड मात्र जवळच्या मनोऱ्याच्या लहरीही पोहोचत नाहीत. थोडक्याच अंतरात असा मोठा फरक पडू शकतो. पावसाळ्यात ओल्या पानांची दाटी लहरींना अधिक अडविते. प्रत्यक्ष पावसाच्या सरींचा ४-जी लहरींवर होणारा परिणाम त्यामानाने नगण्य असतो. पावसाळ्यातील खरी अडचण वीजपुरवठा खंडित होऊन मनोरा बंद पडण्याची असते.

पाहणीसाठी निरनिराळ्या कंपन्यांची सिम कार्डे घालून प्रत्येक नियोजित जागी मोजमाप करावे. भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या रेघांवर विसंबू नये. लहरींचे बळ ‘आरएसआरपी’ या मापाने व त्यांची शुद्धता ‘एसआयएनआर’ या मापाने मोजतात. ही दोन्ही मापे विनामूल्य मिळणाऱ्या ॲपमधून पाहता येतात. आरएसआरपी उणे ९० डीबीएम किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर लहरी चांगल्या समजाव्यात. उणे १०० च्या आसपास मध्यम, व उणे ११० च्या खाली अगदी क्षीण. एसआयएनआर २० च्या वर असल्यास उत्तम. हा आकडा शून्याच्या खाली गेला तर लहरींचे बळ दिसत असूनही काम होत नाही. गोंगाटाच्या बाजारात मोठ्याने बोलणाऱ्याचेही शब्द कळू नयेत, तसे हे आहे.

मोजमाप सकाळी व सायंकाळी अशा दोन्ही वेळी करावे. चतुर्थीच्या दिवसांत गावी आलेली मंडळी आणि डिसेंबरात किनाऱ्यावर जमणारे पर्यटक यांमुळे एकाच मनोऱ्यावरचा भार अनेक पटींनी वाढतो. अशा वेळी लहरी उत्तम असूनही वेग मंदावतो व महागडा राउटर घेऊनही त्यावर इलाज होत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम हाताशी असणे.

लहरींचे पट्टे जुळतात काय?

भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि ५-जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. या काळात निरनिराळ्या कंपन्यांना निरनिराळे लहरीपट्टे मिळाले. देशातील ४-जी सेवा मुख्यत्वे ८५०, ९००, १८००, २१००, २३०० व २५०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांवर चालते. राउटरच्या माहितीपत्रकात हेच पट्टे अनुक्रमे ५, ८, ३, १, ४० व ४१ या क्रमांकांनी दाखविलेले असतात. त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्‌झचा २८ क्रमांकाचा पट्टाही उपयोगात आहे. ५-जीसाठी ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पुढील ‘एन ७८’ हा पट्टा प्रमुख आहे.

कमी मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात व झाडीभिंतींतून अधिक शिरतात. जास्त मेगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, परंतु त्यांचा पल्ला आखूड असतो. म्हणून खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या वाहनाच्या राउटरमध्ये ५, ८ व २८ हे खालचे पट्टे असणे विशेष अगत्याचे आहे.

गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे परदेशी असतात आणि येताना तेथील उपकरणे घेऊन येतात. अमेरिकेतील बाजारासाठी बनविलेला राउटर बहुधा १२, १३, ६६ व ७१ अशा पट्ट्यांसाठी असतो. या पट्ट्यांवर येथे ४-जी सेवा चालत नाही. असा राउटर किमतीने भारी असला तरी येथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो. युरोपातील राउटरमध्ये १, ३ व ८ हे पट्टे बहुधा असतात, पण ४० चा पट्टा आहे किंवा नाही हे पाहून घ्यावे. तसेच राउटर कोणत्याही एकाच कंपनीच्या सिमपुरता बांधलेला नाही, याची खातरजमा करावी.

किती क्षमतेचा राउटर घ्यावा?

४-जी राउटरांची प्रतवारी ‘कॅटेगरी’ने दर्शवितात. कॅटेगरी ४ चा राउटर सेकंदाला कमाल १५० मेगाबिट माहिती घेऊ शकतो व ५० मेगाबिट पाठवू शकतो. कॅटेगरी ६ चा राउटर दोन पट्टे एकत्र जोडून ३०० मेगाबिटपर्यंत जातो. हे आकडे आदर्श परिस्थितीतील आहेत. प्रत्यक्षात त्यांचा काही अंशच पदरी पडतो.

समजा, एखादे फिरते आरोग्यवाहन महिन्यातून २५ दिवस पेडणे तालुक्यात फिरणार आहे व दररोज ३ तास दृक्‌श्राव्य संभाषण करणार आहे. अशा संभाषणास ताशी सुमारे १ जीबी धरावा. नोंदी पाठविण्यासाठी आणखी अर्धा जीबी धरला, तर दिवसाची गरज साडेतीन जीबी व महिन्याची सुमारे ८८ जीबी होते. दररोज २ जीबीच्या मर्यादेची योजना अशा वाहनास पुरणार नाही, हे हिशेबावरूनच स्पष्ट होते. वेगाची गरज मात्र दोन्ही दिशांना सेकंदाला दोन-तीन मेगाबिट इतकीच आहे. म्हणून या वाहनास कॅटेगरी ४ चा, दोन सिम कार्डांचा मजबूत राउटर पुरेसा आहे. एकाच वेळी चार-पाच माणसे चित्रफिती पाहतील व कार्यालयीन कामही करतील अशा कॅराव्हॅनसाठी कॅटेगरी ६ किंवा त्यावरचा राउटर पाहावा. ५-जी सेवा ज्या जागी प्रत्यक्ष मिळते तेथेच त्यासाठी जास्तीची किंमत मोजावी.

दोन सिम कार्डांच्या बाबतीत एक भेद लक्षात घ्यावा. बहुतेक राउटरांत सिम दोन पण रेडिओ एकच असतो. पहिले जाळे बंद पडले की राउटर दुसऱ्यावर जातो व त्यास थोडा वेळ लागतो. दोन रेडिओंचा राउटर दोन्ही जाळी एकाच वेळी वापरू शकतो, परंतु त्याची किंमत बरीच अधिक असते. दोन्ही सिम एकाच कंपनीची घेण्यात अर्थ नाही.

दूरसंचाराच्या दृष्टीने गोवा हा महाराष्ट्र परिमंडळातच मोडतो. पत्रादेवीवरून सावंतवाडीस अथवा डिचोलीहून दोडामार्गास जाणारे वाहन त्याच परिमंडळात राहते. चोर्ला घाटाने बेळगावकडे गेल्यास कर्नाटक परिमंडळ लागते. घाटात लहरी खंडित होण्याची शक्यता धरून आवश्यक नकाशे व कागदपत्रे आधीच उतरवून घ्यावीत.

अँटेना व वीज

राउटरवर अँटेना जोडण्यासाठी बाहेरची जोडणी आहे काय, हे खरेदीपूर्वी पाहावे. चालत्या वाहनास चहूकडून लहरी घेणारी अँटेना लागते. वाहन दीर्घकाळ एकाच जागी राहणार असेल तर मनोऱ्याच्या दिशेस रोखलेली अँटेना अधिक उपयुक्त. ४-जीसाठी निदान दोन अँटेना हव्यात. अँटेनापासून राउटरपर्यंतची तार शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण साध्या पातळ तारेच्या तीन मीटर लांबीतच वरच्या पट्ट्यांच्या लहरींची जवळजवळ निम्मी शक्ती नष्ट होते. छपराला पाडलेले छिद्र नीट बुजविले नाही, तर आपल्याकडील पावसात वाहन गळू लागेल, हेही विसरू नये.

राउटर थेट १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा असावा. बॅटरीची वीज इन्व्हर्टरने २३० व्होल्ट करून पुन्हा अडॅप्टरने उतरविण्यात विजेचा विनाकारण नाश होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवरील दाब १४ व्होल्टच्या वर जातो. म्हणून ९ ते ३६ व्होल्टपर्यंतचा दाब सोसणारा, वाहनासाठीच बनविलेला राउटर घेणे हिताचे. १० वॉटचा राउटर चोवीस तास चालला तर २४० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर-तास वीज लागते. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीपैकी निम्मीच वीज वापरावी असा दंडक आहे. त्या हिशेबाने तो राउटर अडीच दिवस चालेल. जोडणीच्या मार्गात योग्य क्षमतेचा फ्यूज अवश्य बसवावा.

लहरीवर्धकाचा मोह टाळावा

लहरी क्षीण असल्या की बाजारात मिळणारा ‘बूस्टर’ बसविण्याचा सल्ला दिला जातो. या बाबतीत सर्वांनी सावध राहणे आवश्यक आहे. अँटेना केवळ लहरी गोळा करते. बूस्टर मात्र स्वतः लहरी वाढवून परत फेकतो. त्यामुळे मनोऱ्याकडे गोंगाट जातो आणि एका वाहनाच्या सोयीपायी साऱ्या गावाचे, प्रसंगी रुग्णवाहिका बोलावू पाहणाऱ्या घराचेही, संभाषण बिघडते. परवान्याशिवाय असे उपकरण विकणे, बाळगणे वा वापरणे हा गुन्हा आहे. बिनतारी उपकरणास परवाना हवा, हे तत्त्व आपल्या देशात १९३३ च्या अधिनियमापासून चालत आलेले आहे. उपग्रह दूरध्वनीही परवानगीवाचून जवळ बाळगता येत नाही. परदेशी पाहुण्यांना याची जाणीव आधीच करून द्यावी.

राउटर सुरू करताच त्याचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. रुग्णांच्या नोंदी असलेला संगणक पाहुण्यांच्या जाळ्यावर कदापि जोडू नये.

खरेदीपूर्वीचा क्रम

१. वाहन कोठे उभे राहणार त्या जागांची यादी करावी व तेथे दोन वेळा मोजमाप घ्यावे.
२. सर्वांत समाधानकारक ठरलेल्या दोन कंपन्यांची सिम कार्डे निवडावीत.
३. त्या कंपन्यांचे लहरीपट्टे राउटरच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावेत.
४. दिवसाची व महिन्याची माहितीची गरज मांडून योजना व कॅटेगरी ठरवावी.
५. अँटेनाची जोडणी, विजेचा दाब व दुरुस्तीची सोय पाहावी.
६. किंमत सर्वांत शेवटी विचारावी.

शिक्षकांनी हा विषय वर्गाबाहेर नेण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांचे तीन गट करून एकास सड्यावर, दुसऱ्यास वस्तीत व तिसऱ्यास नदीच्या बाजूस पाठवावे. प्रत्येक गटाने आरएसआरपीची नोंद करून गावाच्या नकाशावर मांडावी. असा नकाशा ग्रामपंचायतीत लावून ठेवल्यास गावात येणारे प्रत्येक फिरते वाहन कोठे उभे करावे, हे पाहताक्षणी कळेल. राउटर कोणताही असो, योग्य जागी उभे राहिलेले वाहनच गावाच्या उपयोगी पडते.