जमीन गाठताना

प्रस्तावना

विमान आकाशात झेपावते, तेव्हा आपण मान उंचावून कौतुकाने पाहतो. परंतु वैमानिकाची खरी कसोटी लागते ती विमान उतरवताना. १९३० साली एका छोट्या विमानाला झालेल्या अपघाताच्या आधारे ही कसोटी आपण समजून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• एखाद्या घटनेची कारणे क्रमाने मांडू शकाल;
• तात्कालिक कारण आणि मूळ कारण यांतील फरक सांगू शकाल.

मूळ पाठ

एमी जॉन्सन ही इंग्लंडमधील २६ वर्षांची तरुणी. वैमानिकाचा परवाना मिळून तिला वर्षही झाले नव्हते. ५ मे १९३० रोजी ‘जेसन’ नावाचे आपले जिप्सी मॉथ विमान घेऊन ती लंडनजवळील क्रॉयडन येथून एकटीच ऑस्ट्रेलियाकडे निघाली. बर्ट हिंकलर याने १९२८ साली हा प्रवास सुमारे साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडण्याची तिची जिद्द होती. सहाव्या दिवशी कराची गाठली, तेव्हा ती हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती.

झाशी, कलकत्ता असे टप्पे घेत १३ मे रोजी ती ब्रह्मदेशात पोहोचली. पाऊस कोसळत होता. रंगूनच्या शर्यतीच्या मैदानावर तिला उतरायचे होते. पण ते सापडेना. अखेर इनसेन येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या खेळाच्या मैदानावर ती उतरली. चाके टेकली, पण विमान थांबेना. मैदान ओलांडून ते चरात कोसळले. प्रोपेलर मोडला, पंख फाटला. एमी मात्र बचावली.

या अपघाताचे कारण कोणते? ‘मैदान अपुरे पडले’, हे झाले तात्कालिक कारण. मुळाशी गेल्यास आणखी कारणे दिसतात. उतरताना वेग फार घटवला, तर पंखांना मिळणारा हवेचा आधार सुटतो. वेग जास्त राहिला, तर विमान दूरवर धावत जाते. या विमानाच्या चाकांना ब्रेक नव्हते. वाट विचारण्यास रेडिओ नव्हता. पावसाने दृष्टी अडवली होती आणि सलग नऊ दिवसांच्या प्रवासाचा शीण अंगात होता. यांतील एखादे कारण एकटे आले असते, तर कदाचित निभावले असते. ती सारी एकत्र आली, म्हणून अपघात घडला.

संस्थेतील शिक्षक व विद्यार्थी मदतीस धावले. विमानाच्या जुन्या कापडाचे शिवलेले सदरे उसवून त्यांनी पंख सांधला. एमी स्वतः इंजिनाची जाणकार होती. तीही कामाला लागली. १६ मे रोजी ‘जेसन’ पुन्हा उडाले आणि २४ मे रोजी डार्विनला पोहोचले. विक्रम हुकला, परंतु इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली.

अपघाताचे खापर एकाच्या माथी फोडणे सोपे असते. त्याची साखळी कडीकडीने तपासणे कठीण. मात्र त्या तपासणीतूनच पुढचा अपघात टाळण्याची वाट सापडते.

शब्दार्थ

शीण – थकवा
सांधणे – जोडणे
खापर फोडणे – दोष देणे

पाठगत प्रश्न

१. इनसेन येथील अपघाताचे तात्कालिक कारण कोणते?
२. या अपघातामागील मूळ कारणे लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या अपघाताची कारणे क्रमाने मांडा.