काय व्हायचे ते ठरत नाही!

निकालाच्या दिवसांत दवाखान्यात दहावी-बारावीची मुले येतात. कुणाचे पोट दुखते, कुणाचे डोके, कुणाला झोप नाही. तपासणीत काही निघत नाही. मग सोबत आलेले वडील हळूच म्हणतात, "डॉक्टर, याचं पुढे काय करायचं तेच ठरत नाही हो!" खरे दुखणे हे असते.

सोळा-सतराव्या वर्षी काही न ठरणे हा आजार नव्हे. 'मी कोण?' हे शोधणे हेच या वयाचे मुख्य काम, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडले. शोध म्हटला की वेळ आलाच. वर्तकनगरातील जुन्या घरांना हे पटणे थोडे जड जाते, आणि त्याला कारण आहे. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, तिची पहिली वसाहत शेजारची वागळे इस्टेट. पोखरण रोडला रेमंडची गिरणी. आयटीआय करावे, अप्रेंटिस म्हणून चिकटावे आणि त्याच कंपनीतून निवृत्त व्हावे, अशी एक पिढी इथे गेली. त्यांना ठरवावे असे फारसे लागलेच नाही! रेमंडची ती गिरणी २००९ मध्ये बंद झाली. आजच्या मुलापुढे शंभर वाटा आहेत, पण कोणतीच आयुष्यभर पुरेल याची खात्री नाही.

मात्र सगळ्या मुलांचा गोंधळ एकाच जातीचा नसतो. पालकांनी एक साधी गोष्ट पाहावी: बाकीच्या बाबी हा मुलगा ठरवू शकतो का? शर्ट कोणता घ्यायचा, सहलीला जायचे की नाही, हे तो सहज सांगत असेल तर त्याच्याजवळ माहिती कमी आहे, एवढेच. त्याला माहिती मिळवून द्या. नुसती पुस्तके नकोत. ते काम करणाऱ्या माणसाजवळ दोन दिवस बसू द्या. ठाण्यात १९९१ पासून भरू लागलेल्या 'वेध' परिषदेत वेगवेगळ्या क्षेत्रांतील माणसांच्या मुलाखती होतात, त्या याच कामाच्या. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू केली होती. अशी चाचणी कल सांगते, हुकूम देत नाही. काही घरांत तिचा निकाल पत्रिकेसारखा वाचला जातो, ते बरे नव्हे.

दुसरा मुलगा हॉटेलात वडा की मिसळ यावरही अडतो. फॉर्म भरतो, रात्री उठून पर्याय बदलतो. 'चुकलं तर?' या विचाराने त्याच्या छातीत धडधडते. त्याला आणखी पाच माहितीपत्रके आणून दिलीत तर पर्याय वाढतात आणि भीतीही वाढते. त्याचा प्रश्न करिअरचा नसून चिंतेचा आहे. आधी तिच्यावर समुपदेशकाची मदत घ्यावी. घरात छोटे निर्णय त्याच्यावर सोपवावेत आणि ते चुकले तर बोलून दाखवू नये. निर्णय बदलता येतो हेही त्याला सांगावे. सायन्सने बारावी झालेला मुलगा पुढे कला, वाणिज्य किंवा कायद्याकडे वळू शकतो. उलट्या दिशेची वाट अवघड आहे. म्हणून गणित-विज्ञान सोडताना जरा थांबावे, पण केवळ भीतीपोटी ते गळ्यात बांधून घेऊ नये.

तिसरी अवस्था ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास आहे, क्रिकेट सुटले, मित्र सुटले, जेवण-झोप बिघडली, 'माझं काहीच होणार नाही' असे ते म्हणते. याला आळस किंवा नखरे समजू नये. हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. अकरावीचा फॉर्म घरातल्या दुसऱ्या कुणी भरला तरी चालतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास मोफत असून तिथे मराठीतही बोलता येते.