सात महिने वाया गेले का?

प्रश्न : वय ४१. गेली १५ वर्षं दारू पितो. मागच्या वर्षी सात महिने सोडली होती, मेहुण्याच्या हळदीत पुन्हा सुरू झाली. आता रोजचीच. घरचे काही बोलतही नाहीत. नव्याने सोडायची उमेद कुठून आणू?

उत्तर : उमेद आली की सोडेन, असं म्हणत बसलात तर ती यायची नाही. बहुतेकांना ती मागाहून येते. चार रात्री झोप लागली, सकाळचा चहा बशीत न सांडता प्यायला, की मग. आणि ते सात महिने पाण्यात गेले असं कशाला समजता? दोनशेहून जास्त संध्याकाळी तुम्ही न पिता काढल्यात. कशा, ते आठवून वहीत लिहा. हळदीच्या रात्रीचंही लिहा : पहिला ग्लास कुणी पुढे केला, त्याआधी पोटात काही होतं का? मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून कुणी उपचार थांबवत नाही. हाही आजारच.

मात्र रोज पीत असाल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभांना फी नसते; तिथे मागच्या खुर्चीत नुसतं बसलं तरी चालतं. सरकारी हेल्पलाइन १४४४६.

घरच्यांचा अबोला समजण्यासारखा आहे, शपथा ऐकून ते थकलेत. या वेळी शपथ नको, डॉक्टरांकडे जायची तारीख सांगा.