अनिकेत: ज्याला घर नाही, त्याचं घर



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९.

बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. आजच्या श्लोकात ती अशी: निंदा-स्तुती त्याला सारखीच, बोलणं मोजकं, जे मिळेल त्यात समाधान, बुद्धी स्थिर. आणि यांच्यामध्येच एक शब्द येतो, 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा.

इथे आपण अडखळतो. कारण आपली सगळी धडपड घरासाठीच तर चाललीय! नोकरी पुण्यात, आई-बाबा सावेडीत, दोन्हीकडे भाडं. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, डिपॉझिट, आणि वर 'भिंतीला खिळा ठोकायचा नाही' ही अट. मग देवाला काय, बेघर माणूसच आवडतो?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. सावेडीहून साधारण ६० किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी नेवासं आहे. ज्ञानेश्वर माऊलींनी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, तिथेच गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आजच्या श्लोकाबद्दल माऊली जे सांगतात त्याचा भाव असा: वारा कुठे एका जागी बिऱ्हाड करत नाही, सगळं आकाशच त्याची वस्ती. तसंच या भक्ताला सगळं जग हेच विसाव्याचं ठिकाण. हे विश्वच आपलं घर, अशी त्याची मती ठरलेली असते.

पाहा, 'घर नाही' या शब्दाचा अर्थ माऊलींनी 'सगळंच घर' असा केला!

आता हे सांगणारे कोण होते ते आठवा. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने घरी परतले, हाच त्यांचा गुन्हा ठरला. समाजाने कुटुंब वाळीत टाकलं. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. चार भावंडं उघड्यावर पडली. 'विश्व माझं घर' हे वाक्य मोठ्या वाड्यात बसून आलेलं नाही. ज्याला जगाने घर नाकारलं, त्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ते आलंय. म्हणून ते खरं वाटतं.

माऊली ज्याला टेकून बसले असं परंपरा सांगते, तो दगडी खांब आजही नेवाशात आहे. त्याला 'पैस' म्हणतात. ऐसपैस या शब्दातला पैस, म्हणजे मोकळा, विस्तीर्ण. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं. टेकायला एक खांब, एवढ्याशा जागेला लोकांनी नाव दिलं पैस. जागा किती चौरस फुटांची, यावर मोकळेपणा ठरत नाही.

आमच्याकडे सध्या हाच विषय आहे. महिनाअखेरीला घर रिकामं करायचंय, नऊ वर्षांतलं हे चौथं. परवा देवघराचं सामान खोक्यात भरताना आई म्हणाली, "देवांना तरी स्वतःची जागा कधी मिळणार गं?" काय बोलणार? नवं घर अजून ठरलेलं नाही. अशा वेळी 'विश्वच आपलं घर' म्हणून टाकणं सोपं आहे, पण त्याने आईचं पाणावलेलं मन शांत होत नाही.

म्हणून जनाबाई आठवतात. पंढरपुरात त्या नामदेवांच्या घरी दासी होत्या. घर त्यांचं नव्हतं, जातंही त्यांचं नव्हतं. पण विठ्ठल दळू लागायला आला तो त्याच जात्यापाशी. त्याने काही मालकी विचारली नाही.

म्हणजे श्लोक घर सोडायला सांगत नाही. घर हवं, त्यासाठी खटपटही करावी. फक्त 'स्वतःचं झालं की मग मी सुखाने जगेन' असं म्हणून आजचा दिवस थांबवून ठेवू नये. श्लोकात 'अनिकेत'च्या लगेच पुढे 'स्थिरमती' आहे. पत्ता बदलेल, मती ठरलेली राहू दे.

आज एवढंच करून बघा:

१. आहात त्या खोलीतला एक कोपरा स्वच्छ करा. खिळा नको, एक पाट पुरे.
२. तिन्हीसांजेला दिवा लावा आणि दोन मिनिटं फोन बाजूला ठेवून तिथे बसा.
३. या आठवड्यात कुणाला तरी जेवायला बोलवा. साधी खिचडी चालेल. पाहुणा जेवून गेला की भाड्याची खोलीही घर वाटायला लागते.

आमचा दिवा खोक्यात भरलेला नाही. तो सगळ्यात शेवटी निघणार आणि नव्या जागी सगळ्यात आधी लागणार, असं आईने ठरवलंय.

माऊली, राहू तिथे तुझी वस्ती असू दे.

रामकृष्ण हरी!