मुलाचें नादुरुस्त वाद्य: बदलून कोणतें घ्यावें?

शास्त्रभाग: १ करिंथकरांस १४:७, ८, स्तोत्र ३३:३, अनुवाद २५:१३–१६.

प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीस लिहितांना वाद्यांचा दाखला देतो. पांवा किंवा वीणा ह्यांच्या सुरांत भेदच उमटला नाहीं तर कोणती चाल वाजत आहे हें ऐकणारास कळणार नाहीं, आणि रणशिंगाचा नाद संदिग्ध निघाला तर शिपाई लढाईस सिद्ध होणार नाहींत, असा त्याचा आशय आहे. पौलास तेथें बोलण्याविषयीं शिकवावयाचें होतें. तथापि वाद्याविषयीं त्यानें जें म्हटलें तें अक्षरशः खरें आहे, आणि आज आपल्या खेड्यांतील मुलांस तें फार लागू पडतें.

आतां पुष्कळ ख्रिस्ती घरांत मुलांस शिकावयास विजेचा लहान कीबोर्ड घेतात. आईबाप मजुरींतून किंवा कापसाच्या पैशांतून थोडें थोडें बाजूस ठेवून तो आणितात, व आपलें मूल पुढें उपासनेंत गीतें वाजवील अशी आशा धरितात. मग दोनचार महिन्यांत एक पट्टी मुकी होते, दुसरी एकदम कर्कश वाजते. मूल तीच ओळ पुनःपुन्हा वाजवितें व तेथेंच अडखळतें. घरचे म्हणतात, ‘ह्याच्या हातांत संगीत नाहीं.’ कांहीं दिवसांनीं मूलहि तसेंच समजूं लागतें, आणि वाद्य माळ्यावर जातें. अशा रीतीनें वाद्याचा दोष मुलाच्या माथीं बसतो. म्हणून आमचें पहिलें सांगणें हेंच कीं, मुलाचा न्याय करण्यापूर्वीं वाद्याचा न्याय करावा.

१. दोष वाद्यांत आहे कीं वापरण्यांत?

दुकानाची वाट धरण्यापूर्वीं चार गोष्टी तपासाव्या. पहिली, हेडफोनच्या भोकांत कांहीं खुपसलेलें असेल तर स्पीकरांतून आवाज येत नाहीं. दुसरी, ट्रान्सपोज नांवाची सोय सर्व स्वर एकदम वर किंवा खालीं सरकविते. ती चालू राहिली तर कीबोर्ड मंडळीच्या पेटीशीं जुळत नाहीं, व मूलच बेसूर वाजवितें असें वाटतें. तिसरी, यंत्राची आपोआप साथ चालू असतां डाव्या बाजूच्या पट्ट्या स्वतंत्र सूर न देतां साथ बदलण्याचें काम करितात. तें बिघडणें नव्हे. चौथी, सेल उतरले असतील किंवा अ‍ॅडॅप्टर दुसऱ्याच वाद्याचा असेल तर आवाज फाटतो किंवा वाद्य आपोआप बंद पडतें. यामाहाच्या लहान कीबोर्डांस बहुधा १२ व्होल्टचा व कॅसिओच्या अनेक लहान कीबोर्डांस ९.५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो. पिना सारख्या दिसल्या तरी व्होल्ट व धन-ऋण टोकें वाद्यावर छापल्याप्रमाणेंच असलीं पाहिजेत. नाहींतर चांगलें वाद्यहि जळूं शकतें.

हें सर्व पाहूनहि पट्टी मुकी राहिली तर दोष खरा समजावा. बहुतेक अशा वाद्यांत प्रत्येक पट्टीखालीं रबराची लहान टोपी असते, व तिच्या आंत कार्बनचा ठिपका असतो. पट्टी दाबली कीं ठिपका खालच्या सर्किटास टेकतो व सूर निघतो. मध्यें धूळ किंवा ओल शिरली तर हा सांधा जुळत नाहीं. बोटाचा जोर ओळखणाऱ्या कीबोर्डांत एका पट्टीखालीं असे दोन सांधे असतात. एक लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला ह्यावरून सूर हळू काढावा कीं मोठा, हें यंत्र ठरवितें. तेथें मळ बसला तर पट्टी मुकी होते किंवा एकाएकीं ओरडते. एकदोन पट्ट्यांची अशी तक्रार जाणत्या कारागिरानें साफ केल्यास बहुधा मिटते. परंतु ठराविक अंतरावरच्या अनेक पट्ट्या एकदम मुक्या झाल्या तर दोष सर्किटांत किंवा जोडतारांत असावा, आणि अशा वेळीं वाद्य बदलून घेण्याचा विचार करणें योग्य.

२. दुकानदाराशीं व्यवहार

हमीची मुदत चालू असेल तर वाद्य घरीं उघडूं नये. पावती व हमीपत्र जवळ घ्यावें, कोणत्या पट्ट्या वाजत नाहींत तें लिहावें, आणि तारीख घालून लेखी तक्रार देऊन तिची प्रत ठेवावी. विकलेला माल परत घेणार नाहीं अशी पाटी पाहून आपला भोळा मनुष्य मुकाट्यानें परततो. त्यानें हें जाणून असावें कीं, २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणें सदोष मालाविषयीं जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. दोष काढून देणें, माल बदलून देणें किंवा पैसे परत करणें, असा हुकूम आयोग देऊं शकतो. तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत ती करावी लागते, व ५ लाख रुपयांपर्यंतच्या मालासाठीं फी पडत नाहीं. त्यापूर्वीं सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक १९१५ हा आहे.

परंतु हक्काबरोबर खरेपणाहि पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रांत पिशवींत दोन प्रकारचीं वजनें ठेवण्यास मनाई आहे. ती जशी विकणारास तशी घेणारासहि आहे. मुलाच्या हातून चहा सांडला असतां, ‘माल असाच आला,’ असें सांगून वाद्य बदलून घेणें ही लबाडी होय. बाप तसें बोलतो तेव्हां मूल शेजारींच उभें असतें. तें नव्या वाद्याबरोबर खोटें बोलण्याचा धडाहि घरीं नेतें. ह्यासाठीं मुलानें भीतभीत खरें सांगितलें तर त्यास मारूं नये. खरें सांगणाऱ्या मुलास मार बसला तर पुढच्या वेळीं तें दोषहि लपवील व सत्यहि लपवील.

३. नवें वाद्य कसें पारखावें?

दुकानांत पहिल्यानें आवाजांची व ठेक्यांची मोठी संख्या सांगतात. शेंकडों आवाज असले म्हणजे वाद्य शिकण्यास चांगलें, असें नाहीं. मुलास एक चांगला आवाज व खात्रीच्या पट्ट्या मिळाल्या म्हणजे पुष्कळ झालें.

पट्ट्यांचें माप पाहावें. पूर्ण मापाच्या वाद्यांत सात पांढऱ्या पट्ट्यांची मिळून रुंदी सुमारें १६½ सेंटिमीटर भरते. मुलाच्या दप्तरांतील १५ सेंटिमीटरच्या फूटपट्टींत सात पट्ट्या मावल्या तर त्या लहान मापाच्या होत. अशा पट्ट्यांवर बसलेला हात पुढें मंदिरांतील वाद्यावर चुकतो. ३२, ३७ किंवा ४४ पट्ट्यांच्या लहान वाद्यांवर आरंभ होतो, परंतु दोन्ही हातांनीं वाजवावयाचें तर ६१ पट्ट्या, म्हणजे पांच सप्तकें असलेलें वाद्य घ्यावें.

बोटाचा जोर ओळखण्याची सोय आहे किंवा नाहीं हें विचारावें. ती नसली तर हळू व जोरानें दाबूनहि आवाज एकच निघतो, आणि प्रार्थनेचें गीत व आनंदाचें गीत ह्यांतला फरक मुलाच्या बोटांस कळत नाहीं. उदाहरणार्थ, यामाहाच्या पीएसआर-एफ५१ ह्या नमुन्यांत ६१ पूर्ण मापाच्या पट्ट्या आहेत, पण ही सोय नाहीं. कॅसिओच्या सीटी-एस३०० ह्या नमुन्यांत दोन्ही आहेत. दोन्ही वाद्यें ६ पेन्सिल सेलांवरहि चालतात, आणि जेथें वीज वारंवार जाते तेथें ही गोष्ट लहान नव्हे. एका वेळीं किती सूर वाजूं शकतात हेंहि पाहावें. ३२ असले म्हणजे शिकणारास पुरेत.

शेवटीं, खोका बांधण्यापूर्वीं प्रत्येक पट्टी, काळी व पांढरी, एकदां हळू व एकदां जोरानें दाबून पाहावी. ह्यास पांच मिनिटें लागतात. जुनें वाद्य घेणारानें तर हें केल्यावांचून पैसे देऊंच नयेत.

४. कीबोर्डच घ्यावा कीं पेटी?

हाहि प्रश्न विचारण्याजोगा आहे. हार्मोनियमचें पेटंट १८४२ सालीं पॅरिस येथें निघालें. पुढें हातभात्याची पेटी आपल्या देशांत अशी रुळली कीं, रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचीं भजनें खेड्यापाड्यांत तिच्याच साथीनें म्हणतात. तिला वीज लागत नाहीं, व सूर उतरला तर कारागीर तो पुन्हा जुळवून देतो. मात्र डावा हात भात्यावर गुंतत असल्यामुळें वाजविण्यास बहुधा एकच हात उरतो. ज्या मंडळींत भजनें अधिक व वीज थोडी, तेथील मुलास पेटी बरी. जेथें चार सुरांचीं इंग्रजी चालींचीं गीतें म्हणतात, तेथें दोन्ही हात मोकळे ठेवणारा कीबोर्ड बरा. आपलें मूल कोणांबरोबर वाजविणार आहे हें पाहून ठरवावें. शेजाऱ्यानें काय घेतलें तें पाहून ठरवूं नये. पैसे पुरत नसले तर कर्ज काढूं नये. थोडा काळ मंदिरांतील वाद्यावर शिकण्याची परवानगी पाळकांपाशीं मागावी.

५. बिघडलेल्या वाद्याचें काय करावें?

दोष झांकून तें दुसऱ्या गांवच्या भावास विकूं नये. तसें केल्यानें आपल्या मुलाचें दुःख दुसऱ्याच्या मुलास विकल्यासारखें होईल. दोष स्पष्ट सांगून कमी किंमतीस द्यावें, किंवा सुट्या भागांसाठीं कारागिरास द्यावें. आंतील सेल आधीं काढावे, कारण ते गळून सर्व खराब करितात.

नवें वाद्य घरीं आलें म्हणजे ज्या ओळीवर मूल अडखळत होतें तीच ओळ त्यास प्रथम वाजवावयास सांगावी. ती बरोबर वाजली तर ज्या माणसांसमोर त्यास बोल लावला होता, त्यांच्याच समोर त्यास सांगावें कीं, चूक तुझी नव्हती. स्तोत्रकर्ता कुशलतेनें वाजविण्यास सांगतो. ती कुशलता धीर धरणाऱ्या घरांत वाढते.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. वाद्याचा दोष मुलाच्या माथीं कसा बसतो? आपल्या गांवांत असें घडलें आहे काय?
२. कीबोर्ड बिघडला असें समजण्यापूर्वीं कोणत्या चार गोष्टी तपासाव्या?
३. अनुवाद २५:१३–१६ हा नियम माल परत करणारास कसा लागू पडतो?
४. आपल्या मंडळीस पेटी वाजविणारा अधिक उपयोगी कीं कीबोर्ड वाजविणारा? कारणें सांगा.