तेलकट प्लग आणि जुन्या इंजिनाचे निदान

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचे इंजिन ‘मिसिंग’ करू लागले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण नियमितपणे पेटेनासे झाले, की प्लग काढून पुसला जातो किंवा नवा बसवला जातो. गाडी तेवढ्यापुरती सुधारतेही, परंतु ऑईल आत येण्याची वाट मोकळीच राहिल्याने नवा प्लगही लवकरच काळा पडतो, आणि पुसलेल्या प्लगाबरोबर निदानाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा नष्ट झालेला असतो.

म्हणून चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने, न पुसता मांडून उजेडात पाहावेत. कोरडी, बोटाला भुकटीसारखी लागणारी काजळी ही पेट्रोल जास्त जात असल्याची किंवा चोक अडकल्याची खूण असते; पेट्रोलने भिजलेला प्लग वासावरून कळतो आणि थोड्या वेळात वाळतो; ऑईलने माखलेल्या प्लगवरचा चकचकीत काळा थर मात्र वाळत नाही. इन्सुलेटरचे, म्हणजे प्लगच्या मधल्या चिनीमातीच्या भागाचे, टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले म्हणजे त्यावरचा कार्बन जळून जातो. गाडी सदैव थोड्या अंतरावरच फिरत असेल तर ते तापमान गाठले जात नाही, आणि साचलेल्या थरातून वीज परस्पर निघून गेल्याने ठिणगी पडत नाही. उलटही घडते: वायर खराब असल्याने ठिणगीच पडत नसेल, तर एरवी जळून गेले असते तेवढे ऑईलही प्लगवर साचते, त्यामुळे दोन सिलिंडरच्या वायरींची अदलाबदल करून पाहण्याआधी इंजिनाला दोष देणे घाईचे ठरते.

ऑईल वरून येते की खालून, हे धूर बऱ्याच अंशी सांगतो. खंडाळ्याचा घाट ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात वाढतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाईडमधून किंवा कडक झालेल्या सीलमधून ऑईल खेचले जाते. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघाला, किंवा रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना तो क्षणभर दिसला, तर संशय याच भागांवर घ्यावा. चढावर, भाराखाली सतत निघणारा निळा धूर आणि ऑईल भरण्याच्या तोंडातून येणारे फुत्कार पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवतात.

संशयाची खातरी कॉम्प्रेशन गेजने करावी. इंजिन गरम असताना सर्व प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. ज्याचा दाब कमी भरेल त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावा. दाब स्पष्ट वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजलेली असते, कारण ऑईलने ती फट तात्पुरती बुजवलेली असते. न वाढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलेले असते. सर्व आकडे चांगले येऊनही प्लग तेलकट होत असेल, तर गाईड आणि सील हेच पहिले संशयित होत. ही चाचणी न करता इंजिन उतरवून घेणाऱ्या मालकाला नुसत्या सीलच्या कामासाठी रिंगांचा खर्च सोसावा लागू शकतो, आणि हे नुकसान सर्वस्वी टाळता येण्यासारखे आहे.

त्याही आधी डीपस्टिकवर ऑईलची पातळी खुणेच्या वर नाही ना आणि क्रँककेसमधील वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबलेली नाही ना, हे पाहावे. दुरुस्ती लांबणीवर टाकणे भाग असल्यास एक पायरी अधिक गरम प्रतीचा प्लग वापरता येतो, परंतु लांब चढावर किंवा वेगाच्या प्रवासात तो अति तापून मिश्रण वेळेआधी पेटवू शकतो आणि त्यातून पिस्टन जळण्याचा धोका उद्भवतो, म्हणून अशी गाडी दुरुस्ती होईपर्यंत शहरातच चालवावी.