शत्रूशी बोलावे का?



सप्टेंबर महिना आला की आपल्याकडे १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. तीन वर्षांतून एकदा, 'क' वर्षाच्या वाचनक्रमात, याच महिन्याच्या सुरुवातीला मिस्सामध्ये संत लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील राजाचा दाखला वाचला जातो. राजाजवळ दहा हजार सैन्य आहे आणि समोरून वीस हजार घेऊन दुसरा राजा येत आहे. आपला टिकाव लागेल का, हे तो आधी बसून पाहतो. लागणार नसेल तर वैरी दूर असतानाच वकील पाठवून सलोख्याचे बोलणे लावतो. प्रभू येथे राजकारण शिकवीत नाही. शिष्य होण्याची किंमत आधी मोजून पाहा, एवढेच त्याला सांगायचे आहे. पण वैऱ्याकडे वकील पाठविणारा राजा त्याच्या श्रोत्यांना भित्रा वाटला नसणार, नाहीतर हा दृष्टान्तच त्यांना पटला नसता.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर लढाई पेटली, तेव्हा आपल्या चहाच्या टपऱ्यांवरही वाद रंगले. कोणी म्हणे, त्यांच्याशी बोलायचेच काय? कोणी म्हणे, बोलल्याशिवाय सुटणार कसे? ज्यांची मुले सैन्यात आहेत ते मात्र गप्प बसून ऐकत. या प्रश्नाचा धडा शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्याने तो १९४७-४८ साली अंगावर झेलला आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण बीड त्यात नव्हते. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांना हैदराबाद संस्थान स्वतंत्र ठेवायचे होते. दिल्लीला ते मान्य नव्हते, त्यामुळे हे परके राज्य की घरातलेच, हाच मुळात वाद होता. पण नगरच्या बाजूने इकडे येणाऱ्याला करोडगिरीचा नाका लागे, बाजारात हाली शिक्का चाले आणि पोलीस निझामाचे असत. सामान्य माणसाच्या लेखी ते वेगळेच सरकार होते.

त्या सरकारशी दिल्लीने जवळपास वर्षभर बोलणी केली. ऑक्टोबर १९४७ मध्ये कराराचा मसुदा तयार झाला. निझामांचे शिष्टमंडळ तो घेऊन दिल्लीला निघणार, त्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांची घरे घेरली. निझामांनी शिष्टमंडळच बदलले. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. दरम्यान रझाकारांचे बळ वाढत गेले. त्यांचे पुढारी कासिम रझवी हे लातूरला वकिली करणारे, म्हणजे आपल्या शेजारचेच. दिल्ली निझामांशी बोलत होती, पण दिलेला शब्द पाळण्याची ताकद निझामांच्या हाती किती उरली होती? माउंटबॅटन यांनी त्यांना दिल्लीला बोलावले, ते गेले नाहीत. उलट त्यांनी माउंटबॅटन यांनाच हैदराबादला येण्यास सांगितले. जून १९४८ मधील शेवटचा मसुदाही फिसकटला.

या बोलण्यांच्या टेबलाशी कोण बसले होते ते पाहा. व्हाइसरॉयपदावरून गव्हर्नर जनरल झालेले माउंटबॅटन, निझामांचे इंग्रज कायदेपंडित वॉल्टर मॉन्क्टन, दोन्हीकडचे मंत्री आणि सचिव. आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, पुढे स्टेट काँग्रेसचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ? ते १७ सप्टेंबर १९४८ उजाडला तेव्हा तुरुंगात होते. ज्यांच्या गावांवर रझाकार चालून येत होते, त्यांचा माणूस टेबलाशी नव्हता.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. उचलीचे बोलणे मुकादम करतो, दराचे बोलणे पुढारी आणि कारखानदार करतात. ज्याच्या हातात कोयता, तो बहुधा त्या खोलीबाहेर असतो. बोलणी लांबली तर गाडी भरायची की थांबायचे, ही पंचाईत मात्र त्याची.

तसेच त्या वर्षी झाले. दिल्लीत आणि हैदराबादेत कागद फिरत होते आणि इकडे खेडी ओस पडत होती. सीमेजवळची कितीतरी कुटुंबे गुरेढोरे टाकून नगर, सोलापूरच्या हद्दीत गेली. मग १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि पाच दिवसांत निझामांनी शरणागती पत्करली. आपली जुनी माणसे याला 'पोलीस ॲक्शन' म्हणत.

झेंडावंदनाच्या भाषणात गोष्ट इथे संपते, पण ती इथे संपली नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड सुरू झाला आणि रझाकारांशी संबंध नसलेली गरीब मुसलमान कुटुंबेही त्यात भरडली गेली. सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे, त्यांच्या खालोखाल जे चार नोंदवले त्यांत बीड आहे. काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवले, हेही त्यात लिहिले आहे. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आलाच नाही.

म्हणजे आपल्या जिल्ह्याने दोनदा किंमत मोजली. एकदा बोलणी चालू असताना, दुसऱ्यांदा ती फिसकटल्यावर. यावरून बोलणी करणेच चूक होते असे मी म्हणणार नाही. लष्कर १९४७ मध्येच आत घातले असते तर सूड टळला असता, याची खात्री कोण देईल? पण वेळ काढण्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो आहे, हे टेबलाशी बसलेल्यांनी पुरेसे पाहिले नाही, असे वाटते. दाखल्यातील राजा वैरी दूर असतानाच वकील पाठवतो. येथे तर रझाकार गावात येऊन पोहोचले होते.

समोरासमोर भेटण्याला लोक घाबरतात ते प्रतिष्ठेपायी. मार्च १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या जावयाला व कन्येला भेट दिली, तेव्हा इटलीत त्यांच्यावर बरीच टीका झाली. नास्तिक राजवटीला मान दिला, असे म्हटले गेले. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी, क्युबाच्या संकटात जग अणुयुद्धाच्या तोंडाशी होते आणि याच पोपमहोदयांनी रेडिओवरून दोन्ही बाजूंना बोलण्याची विनंती केली होती. १९६३ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांनी थेट संपर्काची तार जोडण्याचा करार केला. वैर संपले नाही, पण निरोप पोहोचायला लागणारा वेळ कमी झाला.

आपल्या देशाचा अनुभवही असाच संमिश्र. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि त्याच उन्हाळ्यात कारगिल घडले. जुलै २००१ मध्ये आग्र्याला मुशर्रफ यांच्याशी समोरासमोर बोलणी झाली आणि संयुक्त निवेदनाविनाच आटोपली. पण नोव्हेंबर २००३ मध्ये गाजावाजा न होता नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली आणि पुढची काही वर्षे तेथील गावांत लोक शेतात जाऊ शकले. माझ्या मते आग्र्याच्या छायाचित्रांपेक्षा ही मोठी गोष्ट. १० मे २०२५ रोजी गोळीबार थांबला तोही दोन्ही सेनांच्या अधिकाऱ्यांच्या फोनवरील बोलण्यानंतर. नेते बोलत नसले तरी ती तार कोणी तोडली नव्हती.

या आठवड्यात घरी शास्ते या पुस्तकाचा ११ वा अध्याय वाचावा. इस्राएलचा सेनापती इफ्ताह लढाईआधी अम्मोनी राजाकडे दोनदा वकील पाठवतो. आमच्यावर का चालून आलास, असे विचारतो, त्याची जमिनीची तक्रार ऐकून घेतो आणि तीनशे वर्षांचा इतिहास सांगून उत्तर देतो. राजा ऐकत नाही. मग लढाई होते, इफ्ताह जिंकतो. निघताना त्याने नवस केला होता, आणि परत आल्यावर तो फेडावा लागला त्याच्या एकुलत्या एका मुलीला. तिला ना बोलण्यांत कोणी विचारले होते, ना नवसात. अध्याय वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या आई-वडिलांनी १९४८ सालाबद्दल काय सांगितले होते.